कान्होजी आंग्रे ‘फिरले’ का? एका कारकिर्दीवरून संशोधनाचा प्रश्न बांधायला शिकूया

पेटची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘तुमचा विषय काय?’ बहुतेक वेळा उत्तरात एक नाव येतं. एखादी व्यक्ती, एखादं रसायन, एखादं पीक. पण नाव हा नुसता विषय असतो, तो प्रश्न नसतो. मुलाखतीत समोरचे लोक प्रश्न विचारत असतात आणि आपण नाव सांगत बसतो. या लेखात आपण एक नाव घेऊ आणि त्याचा प्रश्न कसा बनतो ते टप्प्याटप्प्यानं बघू.

नाव आहे सरखेल कान्होजी आंग्रे. मराठ्यांच्या यादवीत, म्हणजे ताराबाई आणि शाहू महाराज यांच्या संघर्षात, मराठी आरमार त्यांच्या हातात होतं. ते आधी ताराबाईंच्या बाजूला होते आणि १७१४ मध्ये शाहू महाराजांकडे आले. यावर सगळ्यात आधी सुचणारा प्रश्न असा: कान्होजी फिरले का? म्हणजे ते संधिसाधू होते की दूरदृष्टीचे?

विज्ञान शाखेतून आलेल्यांना वाटेल, इतिहासाचं उदाहरण कशाला? मुद्दाम घेतलं. प्रयोगशाळेत आपण प्रयोग पुन्हा करू शकतो, त्यामुळे ढिसाळ प्रश्नही काही काळ चालून जातो. इतिहासात घटना एकदाच घडते. तिथे प्रश्न नीट नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही.

आधी पार्श्वभूमी

मराठवाड्यात बसून आरमार म्हणजे फार लांबची गोष्ट वाटते. पण या यादवीची दोन टोकं आपल्याच मुलखात आहेत. ३ मार्च १७०७ ला अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि त्याला खुलताबादला पुरलं. त्यानंतर काही आठवड्यांत मोगलांच्या कैदेत असलेले शाहू, म्हणजे संभाजी महाराजांचे पुत्र, सुटून दक्षिणेकडे निघाले. इकडे १७०० मध्ये राजाराम महाराज वारल्यापासून ताराबाई आपल्या मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या, नावानं राज्य चालवत होत्या. एका गादीवर दोन हक्क उभे राहिले.

१२ ऑक्टोबर १७०७ ला खेडची लढाई झाली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहू महाराजांच्या बाजूला आले. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंचं ठाणं पन्हाळा-कोल्हापूरकडे राहिलं. पुढे कोल्हापूरच्या गादीवर राजसबाईंचे पुत्र दुसरे संभाजी आले, तरी भांडण मिटलं नाही. निजाम कोल्हापूरकरांच्या हक्काला पाठिंबा देत राहिला. २८ फेब्रुवारी १७२८ ला आपल्या वैजापूरकडच्या पालखेडला बाजीरावानं निजामाला कोंडीत पकडलं आणि मार्चमध्ये मुंगी-पैठणचा तह झाला. चितेगावहून पैठण रस्त्यानं गोदावरीपर्यंत गेलात की तुम्ही त्याच टापूत पोचता. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्यं कायमची वेगळी झाली, आणि यादवी संपली.

कान्होजींचा मृत्यू ४ जुलै १७२९ चा. म्हणजे १७०७ ते १७३१ या यादवीचा जवळजवळ सगळा काळ ते आरमाराचे प्रमुख होते. एवढा सलग काळ एकच माणूस एकाच पदावर असणं, ही अभ्यासाच्या दृष्टीनं मोठी सोय आहे. परिस्थिती बदलत राहते, माणूस तोच राहतो.

कारकीर्द थोडक्यात

वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या काळापासून चाकरीत होते. सिद्दीच्या हल्ल्यात सुवर्णदुर्ग वाचवल्यामुळे तरुण कान्होजी पुढे आले, असं परंपरा सांगते. राजाराम महाराजांच्या काळात सिधोजी गुजर सरखेल होते. त्यांच्यानंतर, १६९८ च्या सुमारास, ती जबाबदारी कान्होजींकडे आली. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी ही त्यांची बळाची ठिकाणं.

त्यांच्या आरमारात मुख्यतः गुराबा आणि गलबतं. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत हलकं, वल्ह्यांवर चालणारं, खाडीत घुसू शकणारं. पावसाळ्यात ही जहाजं किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागत. म्हणजे समुद्रावरची मोहीम वर्षातून साधारण आठ महिने. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं असेच परवाने विकत होते. त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. कान्होजींनी तेच केलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं.

आता संशोधनाकडे.

पायरी १: प्रश्नातलं विशेषण बाहेर काढा

‘कान्होजी संधिसाधू होते का?’ या प्रश्नाला कुठल्याही कागदानं उत्तर देता येत नाही. कारण ‘संधिसाधू’ हे मोजमाप नाही, तो शेरा आहे. शेरा डोक्यात ठेवून कागद चाळायला बसलात तर शेऱ्याला जुळणारेच कागद दिसतील. ‘चाचा’ शब्दाचं तेच झालं आणि ‘राष्ट्रवीर’ शब्दाचंही तेच होऊ शकतं. एकानं शिवी दिली, दुसऱ्यानं हार घातला, आणि दोघांनीही माणूस तपासला नाही.

मग काय विचारायचं? असं विचारून बघा: ‘१७१३ च्या शेवटी कान्होजींच्या ताब्यात काय होतं, त्यांना कुणाकडून धोका होता, आणि सातारा व कोल्हापूर यांपैकी कोण त्यांना काय देऊ शकत होतं?’ हा प्रश्न लांब आहे, थोडा रुक्षही आहे. पण याच्या प्रत्येक तुकड्याला कागद सापडू शकतो. किल्ल्यांची यादी सापडू शकते, तहाची कलमं सापडू शकतात, शत्रूंच्या हालचाली सापडू शकतात.

विज्ञानातही हेच करतो आपण. ‘हे खत चांगलं आहे का?’ असं विचारत नाही. कुठल्या जमिनीत, किती मात्रेत, कशाच्या तुलनेत, काय मोजून, असं विचारतो.

आणखी एक काम याच पायरीवर करायचं. आजूबाजूचं सर्वसाधारण प्रमाण बघायचं. त्या काळात बाजू बदलणं किती दुर्मीळ होतं? धनाजी जाधव १७०७ मध्ये ताराबाईंकडून शाहू महाराजांकडे आले. त्यांचेच चिरंजीव चंद्रसेन जाधव १७११ मध्ये शाहू महाराजांना सोडून ताराबाईंकडे गेले, आणि पुढे निजामाकडे. बाप एका दिशेनं, मुलगा उलट दिशेनं. परशुरामपंत प्रतिनिधी ताराबाईंच्या बाजूनं लढले, पकडले गेले, आणि नंतर शाहू महाराजांचे प्रतिनिधी झाले. रामचंद्रपंत अमात्य मात्र कोल्हापूरकडेच राहिले. म्हणजे बाजू बदलणं हे त्या पंचवीस वर्षांत अपवाद नव्हतं. मग ‘कान्होजींनी बाजू बदलली’ हे नुसतं वाक्य फारशी माहितीच देत नाही. कधी बदलली, कुठल्या अटींवर, आणि नंतर तो करार टिकला का, यात खरी माहिती आहे.

पायरी २: तारखा एका रांगेत आणा

‘कधी’ म्हटलं की तारखा आल्या. इथे नवा संशोधक हमखास अडखळतो, कारण कान्होजींबद्दलचे कागद तीन वेगवेगळ्या कालगणनांत आहेत.

पोर्तुगीज कागद नव्या, ग्रेगोरियन पंचांगाचे. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं पंचांग वापरत होते, आणि १७०० नंतर त्यात ११ दिवसांचा फरक होता. म्हणून औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख काही पुस्तकांत २० फेब्रुवारी दिसते, काहींत ३ मार्च. दोन्ही बरोबर आहेत, पंचांग वेगळं आहे. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे आपल्या हिशेबानं १७१३ चा फेब्रुवारी त्यांच्या कागदावर १७१२ चा फेब्रुवारी म्हणून येऊ शकतो.

याचा परिणाम बघा. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमारानं मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र नौका पकडली. त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची पत्नी कैदेत आली. ३०,००० रुपये खंडणी घेऊन फेब्रुवारी १७१३ मध्ये तिला सोडलं आणि इंग्रजांशी तह झाला. आता वर्षाचा फरक न ओळखता कागद वाचला तर सुटका फेब्रुवारी १७१२ मध्ये आणि कैद नोव्हेंबर १७१२ मध्ये! कारणाच्या आधी परिणाम.

मराठी कागदांत शक असतो, तिथी असते आणि शुहूर सन असतो. शुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहितात. ‘अर्बा अशर मया अलफ’ म्हणजे ४, १०, १०० आणि १०००, बेरीज १११४. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मृगाला, म्हणजे पावसाच्या तोंडाशी, सुरू होतं. म्हणून १११४ म्हणजे १७१३ चा पावसाळा ते १७१४ चा उन्हाळा. आपल्याला हवा असलेला समुद्री मोहिमेचा पूर्ण हंगाम एकाच वर्षात बसतो. गंमत अशी की या कामाला शुहूर सन इसवी सनापेक्षा सोयीचा ठरतो.

तारखा रांगेत लावल्यावर चित्र असं दिसतं:

- १७११: चंद्रसेन जाधव शाहू महाराजांना सोडून जातात. दमाजी थोरात, उदाजी चव्हाण यांसारखे सरदारही साताऱ्याला जुमानत नाहीत.
- नोव्हेंबर १७१२ ते फेब्रुवारी १७१३: इंग्रजांशी झटापट, मग तह. कान्होजींची समुद्राकडची एक आघाडी शांत.
- १७१३: कान्होजींचा हात घाटमाथ्यावर, राजमाची-लोहगडाच्या टापूपर्यंत पोचलेला. शाहू महाराज पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवतात. कान्होजी पेशव्यांनाच कैद करतात. खुद्द साताऱ्यावर चाल येते की काय अशी धास्ती.
- १७ नोव्हेंबर १७१३: मांजरी इथे बाळाजी विश्वनाथ यांना पेशवाई मिळते.
- १७१४ ची सुरुवात: लोणावळ्याकडे बोलणी आणि तह. बहिरोपंतांची सुटका. कान्होजी कोल्हापूरचा पक्ष सोडतात.

नुसती यादी आहे, पण अर्धं काम तिनंच केलं. पुढे कळेल कसं.

पायरी ३: साक्षीदार कुठे उभा होता ते लिहा

प्रत्येक साधनापुढे एक ओळ लिहायची सवय लावा: हे कुणी, कधी, कुठे बसून, कशासाठी लिहिलं?

मुंबईच्या इंग्रज वखारीचे कागद घटना घडत असतानाचे आहेत, हा त्यांचा फायदा. पण लिहिणारा व्यापारी कंपनीचा नोकर आहे. दस्तक मान्य केला तर समुद्रावर कान्होजींचं राज्य मान्य केल्यासारखं होतं. म्हणून ‘चाचा’ हा शब्द त्यांच्या कागदात वर्णन म्हणून येत नाही, तो दावा म्हणून येतो. क्लेमेंट डाउनिंग हा तर कान्होजींवरच्या इंग्रज मोहिमांत स्वतः होता, त्याचं पुस्तक १७३७ चं. त्यानं जहाजांबद्दल, किल्ल्यांबद्दल जे डोळ्यांनी पाहिलं ते मोलाचं. कान्होजींच्या मनात काय होतं हे तो सांगतो तेव्हा जरा थांबायचं.

पोर्तुगीज कागदांचा अभ्यास पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्यभर केला. मराठीत तो उपलब्ध आहे, त्यामुळे पोर्तुगीज येत नाही ही सबब चालत नाही. पोर्तुगीज हे कान्होजींचे शत्रू, पण इंग्रजांचेही प्रतिस्पर्धी. म्हणून एका घटनेवर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं वेगवेगळे बसून तेच सांगत असतील, तर त्याचं वजन वाढतं. आपल्याकडे दोन स्वतंत्र उपकरणांनी एकच आकडा दिला की विश्वास वाढतो ना, तसंच.

पेशवे दप्तरातून निवडलेले कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात ४५ खंडांत छापले गेले. प्रचंड साठा. पण तो पेशव्यांचा आहे, म्हणजे यादवीत जिंकलेल्या बाजूचा. हरलेल्या बाजूचे कागद विखुरले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानं ताराबाईंच्या काळातले कागद छापले, ते शेजारी ठेवल्याशिवाय वजन सारखं होत नाही. मल्हार रामराव चिटणीसांची बखर वाचायला छान आहे, पण ती घटनांनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेली. पुढे पेशवाई किती मोठी झाली हे तिच्या लेखकाला माहीत आहे. १७१३ मध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. शेवट माहीत असला की मधला प्रत्येक निर्णय आपोआप शहाणपणाचा किंवा मूर्खपणाचा वाटायला लागतो. संशोधकानं काही काळ शेवट झाकून ठेवायला शिकलं पाहिजे.

पायरी ४: पर्यायी स्पष्टीकरणं समोरासमोर ठेवा

आता तीन स्पष्टीकरणं मांडू.

पहिलं: कान्होजी जिंकणाऱ्या बाजूला गेले. ऐकायला सरळ वाटतं. पण आपली यादी बघा. १७१३ च्या शेवटी शाहू महाराज जिंकत होते का? त्यांचा सेनापती सोडून गेलेला, अनेक सरदार बिथरलेले, आणि त्यांचा पेशवा खुद्द कान्होजींच्याच कैदेत. जिंकणारी बाजू साताऱ्याची आहे हे त्या हिवाळ्यात दिसत नव्हतं. उलट काही जण म्हणतील, ती बाजू जिंकती झाली त्यात कान्होजींच्या येण्याचाच वाटा होता. म्हणजे परिणामाला आपण कारण समजत होतो. हे स्पष्टीकरण तारखांपुढे टिकत नाही.

दुसरं: बाळाजी विश्वनाथांशी ओळख होती. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे, कोकणातले. ब्रह्मेंद्रस्वामींना बाळाजीही मानत आणि कान्होजीही. हे खरं आहे आणि उपयोगी आहे. बोलणी बाळाजींनाच का जमली, बहिरोपंतांना का नाही, हे त्यानं कळतं. पण ओळखीनं दार उघडतं, तहाची कलमं ओळखीवर ठरत नाहीत. कान्होजींना यात मिळालं काय? १० किल्ले, १६ लहान ठाणी आणि त्यांखालची गावं, आणि सरखेली कायम. त्यांनी दिलं काय? कोल्हापूरचा पक्ष सोडला, पेशव्यांना सोडलं, आणि जिंकलेल्या मुलखाचा बराच भाग परत केला. म्हणजे किनारा राखला आणि घाटावरची भूक आवरली. ही देवाणघेवाण ओळखीनं समजत नाही.

तिसरं: आरमार पोसण्याचा आणि पाठीशी कोण उभं राहणार याचा हिशेब. किनारपट्टी म्हणजे लांबच लांब, अरुंद चिंधी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. समोर तीन शत्रू: जंजिऱ्याचा सिद्दी, मुंबईचे इंग्रज, चौल-वसईचे पोर्तुगीज. समुद्रावर कान्होजी त्यांना पुरे पडत होते. पण कुणी किल्ल्याच्या जमिनीकडून सैन्य उतरवलं तर? तेव्हा घाटावरून घोडदळ यायला हवं. कुलाब्याच्या डोक्यावरचे घाट ज्याच्या हातात, त्याची मदत चार दिवसांत पोचते. कोल्हापूरकडून ती तितक्या लवकर येऊ शकत नव्हती.

इथे एक फार बोलका कागद आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं मानलं जाणारं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं, कोल्हापूर दरबारातलं. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचं वेगळं अंग मानावं, त्याच्या खर्चाला नेमका मुलूख लावून द्यावा, आणि बंदरांच्या उत्पन्नावर त्याला सोडू नये, नाहीतर व्यापाऱ्यांना त्रास होऊन बंदरं बुडतील, असा त्याचा आशय. हे लिहिलं गेलं तेव्हा कोल्हापूरचं मुख्य आरमार हातातून गेलेलं होतं. प्रकरण त्याच दुःखातून लिहिलं असं म्हणायला पुरावा नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही. पण एवढं म्हणता येतं, की आरमाराला कोण पोसतं हा प्रश्न त्या काळातल्या शहाण्या लोकांना कळीचा वाटत होता. १७१४ च्या तहातल्या किल्ल्यांच्या आणि गावांच्या यादीकडे याच नजरेनं पाहिलं की ती बक्षिसांची यादी उरत नाही, ती आरमाराच्या खर्चाची तरतूद दिसायला लागते.

पायरी ५: आपला दावा कुठे पडू शकतो ते आधीच सांगा

तिसरं स्पष्टीकरण मला सगळ्यात पटतं. आणि जे पटतं त्यालाच सगळ्यात जास्त धुवायचं असतं.

जर पाठबळाचा हिशेब खरा असेल, तर काही गोष्टी दिसायला हव्यात. जमिनीकडून मोठा हल्ला झाल्यावर साताऱ्यानं मदत पाठवलेली दिसली पाहिजे. नाही दिसली, तर दावा कमकुवत.

ही परीक्षा १७२१ मध्ये झाली. त्याआधी गव्हर्नर चार्ल्स बून यानं विजयदुर्ग आणि खांदेरीवर मोहिमा काढून पाहिल्या होत्या, सगळ्या समुद्राकडून, सगळ्या फसल्या. मग डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर थॉमस मॅथ्यूजची शाही जहाजं, आणि जमिनीवर सुमारे ६,००० माणसं, रोख कुलाब्यावर. या वेळी हल्ला जमिनीकडून होता. साताऱ्याहून पिलाजी जाधवांचं घोडदळ आलं, बाजीरावही आले. मोहीम कोसळली आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी वेगळा तह केला.

दावा सिद्ध झाला? नाही. एका परीक्षेत पास झाला, एवढंच. कान्होजींना १७१४ मध्ये १७२१ दिसत नव्हतं, त्यामुळे मदत आली म्हणजे ती अपेक्षित धरूनच तह केला होता, असं होत नाही. शिवाय तुलनेसाठी एक उदाहरण समोर ठेवावं लागेल: सिंधुदुर्ग कोल्हापूरकडेच राहिला, मालवणचा किनारा कोल्हापूरच्या छत्राखाली पुढेही टिकला. मग कोल्हापूरकडे राहून किनारा राखता येतच नव्हता, असं सरसकट म्हणता येणार नाही. कदाचित फरक अंतराचा असेल. कुलाबा मुंबईच्या तोंडाशी, सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या जवळ. म्हणजे आपला दावा थोडा आखडता घ्यावा लागतो: उत्तर कोकणातलं आरमार राखायला साताऱ्याचं पाठबळ जास्त उपयोगी होतं. दावा लहान झाला, पण भक्कम झाला. हे नुकसान नाही, हेच संशोधन.

आणि हो, लहान दाव्यालाही पुढे वजन येतं. कान्होजींनंतर आंग्र्यांच्या घरातच यादवी झाली. १७३३ मध्ये सेखोजी वारले, मग मानाजी आणि संभाजी यांच्यात वाटणी झाली, कुलाबा एकाकडे, दक्षिणेकडचा किनारा दुसऱ्याकडे. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलं. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आणि या वेळी पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या सोबत होतं. १७२१ मध्ये जे घोडदळ आरमाराच्या मदतीला उतरलं, तेच ३५ वर्षांनी आरमाराच्या विरुद्ध उतरलं. किनाऱ्याचा जमिनीशी असलेला करार तुटला की काय होतं, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणं अवघड. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आज ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण नुसता नावाचा अभिमान बाळगला तर १७५६ का घडलं हे कधीच कळणार नाही. ते कळायचं असेल तर ‘कान्होजी थोर होते का’ याऐवजी ‘आरमार कशावर टिकलं होतं’ असं विचारावं लागतं.

तुमच्या विषयाला हे कसं लावायचं

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहा.

१. माझ्या प्रश्नात कुठला शेरा लपलाय? तो काढल्यावर काय उरतं?
२. घटनांचा किंवा मोजमापांचा क्रम मी स्वतः तपासलाय, की कुणीतरी लिहिला म्हणून उतरवलाय?
३. माझ्या प्रत्येक साधनानं, मग ते कागदपत्र असो की उपकरण, कुठून पाहिलंय?
४. माझ्या स्पष्टीकरणाला किमान दोन पर्याय कोणते?
५. काय सापडलं तर मी माझा दावा सोडेन?

पाचवी ओळ रिकामी राहिली तर सिनॉप्सिस लिहायची घाई करू नका. मुलाखतीत ‘तुमचं गृहीतक चुकीचं ठरलं तर?’ हा प्रश्न येतोच, आणि बरेच जण ‘नाही सर, ते बरोबरच आहे’ म्हणतात. तिथे त्यांची मुलाखत संपते, खुर्चीवरून उठायला अजून दहा मिनिटं असली तरी.

विषय म्हणून कान्होजीच घ्यायचे असतील तर बिनधास्त घ्या. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यानं आरमारावर काम करू नये असा काही नियम नाही. फक्त सुरुवात मोडीपासून करा. छापलेल्या खंडांत जे आहे ते अनेकांनी वाचलंय, रुमालात बांधलेलं अजून पुष्कळ वाट बघतंय.